तोरण्याचं धन आणि फुकटची टोकनं

चौथीच्या वर्गात तोरण्याचा धडा शिकवताना दरवर्षी एक क्षण येतो. गडाची दुरुस्ती चालू असते, कुदळ कशाला तरी लागते, धन निघतं आणि त्याच धनातून समोरच्या डोंगरावर राजगड उभा राहतो. इथपर्यंत आलं की वर्ग अगदी गप्प होतो. भोर-वेल्ह्याच्या मुलांना ही गोष्ट दूरची नाही. कुणाचं आजोळ तोरण्याच्या पायथ्याला असतं, कुणाचे वडील राजगडाच्या वाटेवर पर्यटकांना चहा विकतात. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणायचं सरकारने ठरवलंय, पण आमच्या तोंडात वेल्हेच बसलंय.) ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ही हकीकत आहे. म्हणजे निदान दोनशे वर्षं ती लिहून ठेवलेली आहे, सांगितली तर त्याच्याही आधीपासून जातेय.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, "बाई, पण ते धन आधी कुणाचं होतं?"

मी बीएड केलंय, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काहीतरी उत्तर दिलं. कुणा जुन्या किल्लेदाराचं असेल, म्हणाले. त्याच रमजानमध्ये माझ्या घरात जे घडलं, ते हाच प्रश्न मला वेळेवर न सुचल्यामुळे घडलं. म्हणून आज हे लिहितेय.

आपल्याकडे गुप्तधनाची ओढ जुनी आहे. भोर हे पंतसचिवांचं संस्थान, १६९७ पासून ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत. जुने वाडे, जुनी जोती, पडकी तटबंदी, त्यामुळे प्रत्येक गावात एखादी "इथे हंडा आहे" अशी जागा असतेच. आणि हंडा दाखवणारा माणूसही असतो. तो आधी काही मागत नाही. मग पूजेचं सामान मागतो, मग राखणदाराला शांत करायला थोडे पैसे, मग थोडे आणखी. हंडा नेहमी एक हात खाली असतो. इंग्रजांनी १८७८ साली गुप्तधनाचा कायदा केला. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, आणि मग मूळ मालक कोण याची चौकशी व्हायची. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न कायद्याने आधीच विचारून ठेवला होता.

आता गोष्ट एअरड्रॉपची. हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा माझ्या भाच्याकडून आला. माझी धाकटी बहीण वेल्ह्याकडे दिलेली आहे, तिचा हा मोठा मुलगा, शिरवळकडे एका कंपनीत कंत्राटी कामगार. "खाला, फुकट मिळतंय. एक रुपया घालायचा नाही," म्हणाला. मी इतिहास वाचणारी बाई, तेव्हा आधी या फुकटाचा इतिहास शोधायला हवा होता. तो नंतर शोधला.

तो इतिहास खोटा नाही, हीच अडचण आहे. बिटकॉइन २००९ साली सुरू झालं तेव्हा ते कुणालाच नको होतं. २०१० मध्ये गॅव्हिन अँड्रेसन नावाच्या प्रोग्रॅमरने एक पान बनवलं. तिथे जाऊन एक लहानशी खूण ओळखून दाखवली की पाच बिटकॉइन फुकट. त्या वेळी त्यांना काही भावच नव्हता. पुढे काय भाव झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आज जो कुणी "फुकट टोकन घ्या" म्हणतो तो याच आठवणीवर जगतो. मार्च २०१४ मध्ये आइसलँडमध्ये ऑरोराकॉइन आलं. २००८ ला त्या देशाच्या बँका बुडाल्या होत्या, लोक चिडलेले होते, म्हणून प्रत्येक नागरिकाला ३१.८ नाणी वाटायची अशी कल्पना. नाणी वाटली, लोकांनी लगेच विकायला काढली, भाव कोसळला. आणि सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप नावाच्या व्यवस्थेने आपल्या प्रत्येक जुन्या वापरकर्त्याला ४०० टोकनं दिली. त्या दिवशीच्या भावाने ती साधारण बाराशे डॉलरची होती. ज्यांनी आधी कधीतरी ती व्यवस्था वापरली होती त्यांना घरबसल्या ऐंशी-नव्वद हजार रुपये मिळाले.

कंपन्या असं का करतात? आपल्याकडे दुकान उघडलं की पहिल्या दिवशी पेढे वाटतात, तसं. नवं टोकन चार लोकांकडेच राहिलं तर त्याला बाजार राहत नाही. हजारो लोकांकडे गेलं की चर्चा होते, घेणारे तयार होतात, आणि वाटणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेल्या मोठ्या वाट्याला किंमत येते. पैसे अखेर देतो तो नंतर विकत घेणारा. ते धन कुणाचं, याचं खऱ्या एअरड्रॉपमधलं उत्तर हे आहे. खोट्या एअरड्रॉपमधलं उत्तर वेगळं असतं, तिथे धन तुमचंच असतं.

भाच्याला आलेला निरोप ईदीचा होता. २०२४ च्या रमजानचा शेवटचा आठवडा. हिरव्या रंगाची चंद्रकोर, वर "हलाल टोकन", खाली टेलिग्रामचा पत्ता. टोकनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव दर महिन्याला बदलतं. त्यात सांगितलं होतं की मोबाइलवर अमुक वॉलेट घ्या, आमच्या पानाला जोडा, दोन हजार टोकनं ईदच्या दिवशी जमा होतील. अट एकच, वॉलेटमध्ये आधी थोडे डॉलर-टोकन असले पाहिजेत, म्हणजे तुम्ही खरे माणूस आहात हे कळेल. पैसे द्यायचे नाहीत, नुसते आपल्याच वॉलेटमध्ये ठेवायचे.

ही अट ऐकून मला ती रास्त वाटली. हे मी लपवणार नाही.

त्याने मोटारसायकलसाठी साठवलेल्या पैशांतून बावीस हजारांचे डॉलर-टोकन घेतले आणि वॉलेटमध्ये आणले. मी आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या भिशीच्या ग्रुपवर तो निरोप पुढे टाकला. खाली लिहिलं, "माझा भाचा करतोय, बघा कुणाला जमलं तर." आमची भिशी अकरा बायकांची आहे, काही शिलाई करतात, एक अंगणवाडीत आहे, एकीची मटणाच्या दुकानाशेजारी मसाल्याची टपरी आहे. मी लिहिलं म्हणजे बाईंनी तपासूनच लिहिलं असणार, असं त्यांनी धरलं. तिघींनी भाच्याकडे पैसे दिले, दोघींनी पाच-पाच हजार आणि एकीने तीन हजार, आमचंही तुझ्यासोबत ठेव म्हणून.

ईदच्या आदल्या रात्री भाच्याने त्या पानावर "क्लेम" दाबलं. वॉलेटने काहीतरी विचारलं, इंग्रजीत चार ओळी आणि खाली निळं बटन. त्याने दाबलं. टोकनं आली, दोन हजार, स्क्रीनवर दिसली. अर्ध्या मिनिटाने त्याचे पस्तीस हजारांचे डॉलर-टोकन गेले.

नेमकं काय झालं हे समजायला मला दोन महिने लागले. शाळेतल्या संगणकाच्या सरांना बसवून समजून घेतलं, मग स्वतः वाचलं. वॉलेट म्हणजे पाकीट असं आपण म्हणतो, पण त्यात पैसे नसतातच. पैशांची नोंद एका जगभर पसरलेल्या खतावणीत असते आणि वॉलेटमध्ये असते त्या नोंदीची किल्ली. ही किल्ली बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात तुम्हाला एकदा दाखवली जाते. ते शब्द ज्याच्याकडे गेले त्याच्याकडे सगळं गेलं, त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. भाच्याने ते शब्द कुणालाही दिले नव्हते. त्याला एवढं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो निर्धास्त होता. पण दुसरी एक वाट असते. वॉलेटमधून तुम्ही एखाद्या प्रोग्रॅमला परवानगी देऊ शकता की माझ्या खात्यातलं अमुक टोकन तू हलवू शकतोस, कितीही. त्या इंग्रजी चार ओळी म्हणजे ती परवानगी होती. त्याला वाटलं आपण घेतोय, प्रत्यक्षात तो देत होता.

हे वाचताना मला आपल्याच जिल्ह्यातला एक दिवस आठवत राहिला. १२ मे १८७५, सुपे. बाजाराच्या दिवशी कुणबी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना प्रामुख्याने हवे होते ते रोखे आणि हिशेबाच्या वह्या. मिळाल्या तिथे जाळल्या. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्याची मुळं पुन्हा लांब कुठेतरी आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर आला, नुसत्या कागदावरच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंदांच्या मेहेरबानीने शेअरचा वाटा मिळाला की तो मिळण्याआधीच चढ्या भावाने विकता यायचा. दिनशा वाच्छांनी या वेडाचं पुस्तक लिहिलंय. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईतली घराणी बुडाली, बँक ऑफ बॉम्बेही पुढे गेली. इकडे खेड्यात सावकाराने हात आखडला, जुनी कर्जं नव्या रोख्यांत बदलून घ्यायला लावली. त्या रोख्यांवर शेतकऱ्याची निशाणी होती. मजकूर त्याला वाचता येत नव्हता. कोर्ट म्हणायचं, निशाणी तुझीच ना? मग झालं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक साधी तरतूद होती, शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हायला हवा, म्हणजे सही करण्याआधी त्याला मजकूर कळेल. निळ्या बटनासमोर असा कुणी निबंधक बसलेला नाही. माझा भाचा बारावी शिकलाय, पण त्या चार ओळी त्याच्यासाठी १८७५ च्या मोडीसारख्याच होत्या.

एक फरक मात्र आहे आणि तो मला चमत्कारिक वाटतो. सुप्याच्या सावकाराची वही बंद असायची. ही खतावणी सगळ्यांना उघडी आहे. ज्या पत्त्यावर भाच्याचे पैसे गेले तो पत्ता टाकला की त्या रात्री तिथे आणखी कुणाकुणाचे आले ते ओळीने दिसतं. कुणाचे नऊशे रुपयांचे, कुणाचे लाखभर. मी पेशवे दफ्तर वाचायला बसल्यासारखी ते पान वाचत होते. तारीख आहे, वेळ आहे, रक्कम आहे, नाव तेवढं नाही. आणि खोडता येत नाही, ना चोराला ना आपल्याला. बँकेत जाऊन "चुकून झालं, परत फिरवा" म्हणायची सोय त्यात मुळातच ठेवलेली नाही.

खात्यात उरलेली ती दोन हजार टोकनं विकायला गेलं तर विकली जात नव्हती. हीदेखील जुनी युक्ती आहे. २०२१ मध्ये एका कोरियन मालिकेच्या नावावर स्क्विड टोकन निघालं. लोकांना घेता येत होतं, विकता येत नव्हतं, म्हणून भाव फक्त चढत गेला, दोन हजार आठशे डॉलरच्या वर. १ नोव्हेंबरला काही मिनिटांत तो शून्यावर आला आणि बनवणारे गायब.

पुण्याला या विषयात कुणी शिकवायला नको. गेनबिटकॉइनचे सगळ्यात गाजलेले गुन्हे पुण्यातच दाखल झाले. अमित भारद्वाज नावाच्या माणसाने सांगितलं, तुमचं बिटकॉइन माझ्याकडे द्या, दरमहा दहा टक्के, अठरा महिने. आधी दिलेही. देणारे माणसं आणत होते, आणणाऱ्यांना वाटा होता. २०१७ मध्ये बिटकॉइनचा भाव भडकला तेव्हा बिटकॉइनमध्ये परतावा देणं शक्य राहिलं नाही. मग त्याने काय केलं, तर स्वतःचं एक टोकन काढलं, एमकॅप, आणि लोकांना बिटकॉइनऐवजी ते दिलं. लोकांनी दिलं सोनं, मिळाली पावती, आणि पावती छापणारा तोच. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. ईडीच्या म्हणण्यानुसार हा सारा व्यवहार सुमारे ६,६०० कोटी रुपयांचा होता. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच मार्चमध्ये, तपासात पोलिसांना मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, त्यांतले एक माजी आयपीएस अधिकारी, जप्त क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर छापे घातले. इतकी वर्षं झाली, ज्यांचं गेलं ते अजून तारखा मोजताहेत.

वनकॉइनचंही तेच. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत त्यांची सभा भरलेली असताना पोलिसांनी अठरा जणांना पकडलं. वनकॉइनची रुजा इग्नातोवा त्याच ऑक्टोबरपासून बेपत्ता आहे.

"पण सरकार तर कर घेतं," भाचा म्हणायचा, म्हणजे मान्यताच झाली ना. हा गैरसमज फार पसरलाय म्हणून सांगते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्येच सावध केलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस आहे. कर घेणं म्हणजे हमी देणं नव्हे. एअरड्रॉपमध्ये मिळालेलंही उत्पन्नात धरलं जातं, पण तो कर आपण आपल्या विवरणपत्रात भरतो. टेलिग्रामवरचा कुणी "आधी कर पाठवा, मग टोकन सोडतो" म्हणाला तर तो हंड्याच्या राखणदाराचाच नातेवाईक समजावा. भाच्याला ईदच्या तिसऱ्या दिवशी असा निरोप आलाच. गेलेले पैसे परत मिळतील, फक्त चौदा हजार प्रक्रिया शुल्क. तेवढं मात्र त्याने भरलं नाही.

आणि ती चंद्रकोर. ती मला सगळ्यात जास्त बोचते. आपल्या समाजाला व्याजाचा संकोच आहे, बँकेतली ठेव अनेकांच्या मनाला लागते, आणि ही जागा ओळखून लोक येतात. बंगळूरच्या आयएमएने हेच केलं. २००६ पासून हलाल गुंतवणूक म्हणून हजारो मुस्लिम घरांतले पैसे गोळा केले, आणि जून २०१९ मध्ये मालक मन्सूर खान दुबईला निघून गेला. विधवांचे, मेहेरचे, हजसाठी ठेवलेले पैसे. हीरा गोल्डची कथा त्याच्या आदल्या वर्षीची. उलेमांमध्ये क्रिप्टोवर मतभेद आहेत. इजिप्तच्या मुफ्तींनी जानेवारी २०१८ मध्ये नाजायज ठरवलं, इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून हराम म्हटलं, काहींनी अटी घालून मोकळीक दिली. गरर म्हणजे ज्यात काय मिळणार हेच ठरलेलं नाही असा सौदा, मैसिर म्हणजे जुगार, या मोजपट्ट्यांवर वाद चालू राहील आणि तो चालावा. पण माझ्या भाच्याच्या बाबतीत फतव्याची गरजच नव्हती. ती चोरी होती. चोरीवर हलाल लिहिलंय म्हणून आम्ही ती तपासली नाही.

आम्ही १९३० वर फोन केला, संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. उशीर झाला होता, चार दिवस आम्ही लाजेत घालवले. बँकेतून बँकेत गेलेला पैसा पहिल्या काही तासांत कळवला तर कधीकधी थांबवता येतो, हा थांबणारा नव्हता. त्या सरांच्या मदतीने भाच्याने दिलेली परवानगी रद्द केली आणि ते वॉलेट सोडून दिलं. आता कुणी काही फुकट पाठवलं तर तो आधी मला पाठवतो. मी बघते की कंपनीच्या स्वतःच्या पानावर ते जाहीर झालंय का, आधी पैसे ठेवायला सांगतात का, घाई करतात का. आतापर्यंत एकही टिकलेलं नाही.

तिघींचे तेरा हजार मी पुढच्या दोन पगारांतून दिले. दोघींनी घेतले. तिसरी, जिचे तीन हजार होते, ती म्हणाली, "बाई, तुम्ही काय मुद्दाम केलंत का? राहू द्या." मी पाकीट तिच्या टपरीवर मसाल्याच्या डब्याखाली ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीने ते शाळेत आणून परत दिलं. तिसऱ्या महिन्यापासून ती भिशीला येत नाही. ग्रुपमधून बाहेर पडलेली नाही, नुसती येत नाही. आमची भिशी आता दहा बायकांची आहे.

यंदा तोरण्याचा धडा पुन्हा शिकवला. धन कुणाचं होतं, हे या वर्षी कुणी विचारलं नाही. मीच विचारलं.